वच्छे, वीस बादल्या मीच सांगितल्या

वच्छे,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजींनी पिंड ठेवून पाठ वळवली न वळवली तोच आला, दोन चोची मारल्या आणि उडाला. तळ्याकाठी उभे असलेले सगळे म्हणाले, "बाई तृप्त गेली. काय बी मागं ठेवलं नाय." तुझी बहीण रडता रडता हसली. मी मान खाली घातली.

मला वाटलं होतं कावळा अडेल. तास दोन तास ताटकळत ठेवील. मग लोक म्हणतील, बाईचं काहीतरी राहिलंय, कोणाला ठाऊक असेल तर बोला, कबूल करा. मग चारचौघांत मला बोलावंच लागेल. तशी मनाची तयारी करून मी गेलो होतो. तर कावळ्यानं सोडूनच दिलं मला. का तूच सोडलंस? गेल्यावरसुद्धा मला उघडं पाडलं नाहीस. तू माझ्या अंगावर धावून आली असतीस तरी मला एवढी लाज वाटली नसती.

आणि हरेश्वर, कारखान्यात माझ्या हाताखाली असलेला, तिथंच होता. मुरब्याहून सकाळच्या पहिल्या रिक्षेनं आला होता. तुझ्या तिरडीलाही त्यानं खांदा दिला, पुढचा, माझ्या बाजूचा. मला म्हणाला, "दादा, वैनी माज्या बहिनीवानी व्हती." मी नुसतं हं म्हटलं. 

हे मी आपल्या समाजाच्या अंकात छापायला लिहितोय. नितीन म्हणाला, "बाबा, आईबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहा, मी फोटो देतो." पहिलं पान वाचून त्याचा चेहरा उतरला. "हा आईचा स्मृतिलेख आहे का तुमची जबानी?" मी म्हटलं, दोन्ही. तू फक्त ऱ्हस्व दीर्घ बघ, शब्द बदलू नको. वच्छे, तुझा जन्म कुठला, माहेर कुठलं, मागं कोण कोण, ते त्यानं फोटोखाली घातलंय. ते मला लिहायचं नाही. चौथी शिकलेल्या माणसाला एकच गोष्ट नीट लिहिता येते. ती लिहितो.

नितीन दुसरीत होता तेव्हा तू अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागलीस. खिचडी शिजव, पोरांची तोंडं धू, एवढंच काम असेल असं मला वाटलं. पण तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी तुला वजन घ्यायला शिकवलं. पोरगं झोळीत घालून काट्याला टांगायचं, उंची मोजायची, दंडाला पट्टी लावायची, औषध झाकणानं मोजून द्यायचं. तू सातवी झालेली, पण इंग्रजी मापांचं नाव काढलं की घाबरायचीस. ओट्यावर तांदूळ निवडत बसायचीस आणि तोंडानं चालू असायचं, मिलिग्रॅम, मिलिलिटर, मिलिमीटर, किलोग्रॅम, किलोलिटर, किलोमीटर. सगळी एकाच आईची लेकरं वाटायची ऐकताना. शेजारची म्हणायची, "वच्छाताय, मंतर म्हनतेस का काय?"

एक दिवस कामावरून आलो तर तू खुशीत होतीस. म्हणालीस, "अवो, कळलं मला. मानसाचं आडनाव मागं असतं ना, आन त्यावरनं कळतं तो कुटल्या घरचा. मापाचं बी तसंच हाय. मागं ग्रॅम असला का वजनाच्या घरचा. लिटर असला का भांड्यात मावायच्या घरचा. मीटर असला का लांबीच्या घरचा. पुढचं मिलि आन किलो म्हंजे नुसता धाकटा आन थोरला. धाकटा हजारातला एक, थोरला एकाचे हजार."

केवढं सोपं करून सांगितलंस तू. मी आयुष्यात तसं कोणाकडून ऐकलं नव्हतं. आणि मी काय बोललो? शेजारीपाजारी बसले होते, त्यांच्यासमोर बोललो, "झाली मास्तरीण! आगं, मी रोज टनानं माल वततो भट्टीत. मला नको शिकवू. लिटर काय आन किलो काय, एकच."

तू म्हणालीस, "पान्याचं एक. तेलाचं नाय एक. बाईंनी सांगितलं."

"तुझ्या बाईनं कारखाना बघितलाय काय?"

सगळे हसले. तू तांदळात मान घातलीस. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं. खरं सांगतो वच्छे, मला माहीत नव्हतं. मी कुंभवलीच्या शेजारच्या त्या कारखान्यांच्या इस्टेटीत इतकी वर्षं काढली, ऑपरेटर झालो, माझ्या हाताखाली माणसं होती. आणि किलो नि लिटर यात फरक काय हे मला माहीत नव्हतं. मला आकडा वाचता यायचा. आकड्यापुढची इंग्रजी अक्षरं मी कधी बघितलीच नाहीत. आमच्यात सगळेच तसे. दहाची खूण केलेली बादली होती, तिला कोणी दहा लिटरची म्हणायचं, कोणी दहा किलोची. कोणाचं काही अडलं नव्हतं. साहेब कागदावर लिटर लिहायचे, आम्ही बादल्या मोजायचो.

मग तो वजनकाटा आला. नितीन आठवीत होता. तुला ते दिवस पाठ आहेत, पण वाचणाऱ्याला कळायला हवं म्हणून लिहितो.

साहेबांनी नवा काटा बसवला आणि मला बोलावून सांगितलं, "आजपासून अ‍ॅसिड तोलून घालायचं. कागदावर आता किलो लिहिलेत." मी मान डोलावली. मनात म्हटलं, काय फरक पडतोय. कॅन काट्यावर चढवायचा, उतरवायचा, कंबर मोडायची. कागदावर पूर्वी एकशे दहा असायचं, आता दोनशे होतं. मला वाटलं साहेबांनी माल वाढवला. मी हरेश्वरला म्हटलं, "आज वीस बादल्या घाल."

हरेश्वरला मीच लावला होता तिथं. मुरब्याचा माणूस, घरची होडी मोडीत गेली म्हणून ठेकेदाराकडे आला होता. मला दादा म्हणायचा. त्यानं विचारलंसुद्धा, "दादा, रोज अकरा घालतो, आज वीस?" मी म्हटलं, "तुला जास्त कळतं का साहेबाला?" त्यानं मोजून वीस घातल्या. प्रत्येक बादलीला भिंतीवर खडूची रेघ मारायचा तो. मी दहा किलो समजत होतो ती बादली अठरा किलोची होती, कारण अ‍ॅसिड पाण्यासारखं हलकं नसतं, जवळजवळ दुप्पट जड असतं. वीस बादल्या म्हणजे दोनशे किलो नव्हेत, तीनशे साठच्या वर. जुन्या कागदावरचे एकशे दहा लिटर आणि नव्या कागदावरचे दोनशे किलो हे एकच माप होतं. अकरा बादल्यांचं. हे मला नंतर तू शिकवलंस.

भट्टी तापली, फेस वर आला, झाकणातून उसळून जमिनीवर सांडला. पिवळा धूर झाला आणि सगळे बाहेर पळालो. कोणाला लागलं नाही हे नशीब. माल सगळा गेला.

साहेबांनी दोघांना उभं केलं. विचारलं, "तोललं का नाही?" मी हरेश्वरकडे न बघता बोललो, "साहेब, मी ह्याला बजावून सांगितलं होतं काट्यावर तोलून घाल म्हणून. ह्यानं बादलीनं घातलं."

मी हे ठरवून बोललो नव्हतो, पण बोलल्यावर फिरवलंही नाही.

मला वाटलं हरेश्वर ओरडेल, दादा खोटं बोलू नका म्हणेल. त्यानं कपाळ पुसलं. माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. म्हणाला, "दादा बोलतात म्हंजे बोललं असतील साहेब. माज्या ध्यानात नाय ऱ्हायलं." ठेकेदार तिथंच होता. "कल से मत आना," एवढंच म्हणाला.

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, वच्छे. स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्यावर. एवढं मोठं खोटं इतक्या सहज कोणाला पचलं नसेल.

घरी आल्यावर मी तुला सगळं सांगितलं. का सांगितलं? मला वाटलं तू म्हणशील, असू दे, पोराबाळांचा बाप माणूस, नोकरी टिकली ना. तू म्हणालीस, "उद्या जाऊन साहेबाला सांगनार ना?"

"काय सांगू? नोकरी घालवू?"

"नोकरी जाईल नायतर नाय जाईल. तो मानूस तुमच्यावर भरोसा ठेवून गेला."

"तू गप बस. कोणाजवळ बोललीस तर नितीनची शपथ हाय तुला."

तू भांडं घासत होतीस, हात थांबले तुझे. राखेचे हात तसेच मांडीवर ठेवून बसलीस. मी शपथ मागं घेईन म्हणून वाट बघत होतीस. मी घेतली नाही. पोराच्या डोक्यावर घातलेली शपथ तू मोडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती घातली.

पुढच्या रविवारी तू अंगणवाडीतला काटा घरी आणलास, बाईंना विचारून. एक लिटरचं माप घेतलंस. आधी त्यात पाणी भरून तोललंस, मग पुसून तेल भरून तोललंस. मला बसवून दाखवलंस. पाणी किलो भरलं. तेल किलोला कमी भरलं. मला आधी वाटलं काटा बिघडलाय. तू परत तोललंस. मग विचारलंस, "आन तुमचं अ‍ॅसिड? जड का हलकं?" मी म्हटलं, जड. कॅन उचलून उचलून मला ते ठाऊक होतंच की. हाताला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. तू जुने एकशे दहा नि नवे दोनशे बोटांवर जुळवलेस आणि म्हणालीस, "रोजच्याच अकरा बादल्या."

मला वाटलं आता तू टोचून बोलशील, लिटर नि किलो एकच म्हणत होता ना म्हणून. तू तसलं काही बोलली नाहीस. म्हणालीस, "बघा, केवढी बारकी चूक हाय ही. कोनाकडनं बी व्हईल. कारखान्यात कोनालाच ठाव नव्हतं. साहेबाला सांगा, मला मापातला फरक ठाव नव्हता म्हनून झालं. ह्यात काय लाज?"

तुला ती चूक बारीक वाटत होती. मला मात्र 'मला ठाऊक नव्हतं' हे सांगायचीच लाज वाटत होती, खोटं बोलल्याची वाटत नव्हती. आज उलटं झालंय. पण आज झालं त्याचा काय उपयोग.

मी काटा लाथेनं सारला. तेल सांडलं. तू ते पोतेऱ्यानं पुसलंस आणि सोमवारी काटा परत नेलास.

पुढची पंचवीस वर्षं आपण तेच भांडण भांडलो, न बोलता. मंजुळा, हरेश्वरची बायको, बुधवारी नि रविवारी मासळीची पाटी घेऊन आपल्या दारात यायची. तुझ्यापाशी बसायची, पाणी प्यायची. तिचं बोलणं आतल्या खोलीत मला ऐकू यायचं. "वच्छाताय, आमच्या मानसाचा सोतावरचा भरोसाच उडालाय बघ. होडीवर डिझेल घालायला सांगितलं तं दुसऱ्याला मोजायला लावतो. बर्फ मोजतो, परत मोजतो. बोलतो माजं डोकं फुटकं हाय, मागं कंपनीत मोटी चूक झाली व्हती माज्याकडनं." तू काही बोलायची नाहीस. ती गेली की आत यायचीस, माझ्यासमोर उभी राहायचीस आणि मी पंखा लावायला उठायचो.

बाकी सगळं तू मला दिलंस. कामाचा जाब कधी विचारला नाहीस, चहा वेळेवर दिलास, माझ्या आईचं शेवटचं सगळं केलंस. अडाणी म्हणून माझी थट्टा झाली तर तू माझ्या बाजूनं उभी राहायचीस. नितीननं एसी घेतला तेव्हा मी बसवणाऱ्याला अडवला होता. "दीड टनाचा? ही भिंत पेलणार नाय!" तो पोटभर हसला. "चाचा, ये ठंडक का टन है, वजन का नहीं." सूनसुद्धा पदरात हसली. तू एकटी हसली नाहीस. त्याला म्हणालीस, "आमच्या मालकांनी टनानं माल उचललाय. त्यांना टन म्हंजे टनच. तुमीच दोन गोष्टींना एक नाव ठेवलंय, हसताय कशाला?" तो भिंतीला भोक पाडायला लागला. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला आणि लगेच आठवलं. ह्याच बाईला मी तांदूळ निवडताना चारचौघांत हसलो होतो.

आणि तुझं आजारपण. गोळ्या एमजीच्या, पातळ औषध एमएलचं, सुई यूनिटची. बोईसरच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "काका, सकाळी किती दिलंत?" मी छाती काढून म्हटलं, "दहा एमजी." ती दचकली. तू खाटेवरून क्षीण आवाजात म्हणालीस, "दहा एमेल, ताई. झाकनानं दिलं, मी बघत व्हते." तू बघत होतीस. डोळे मिटून पडलेली असायचीस आणि झाकणाकडे लक्ष असायचं तुझं. माझ्या हातावर तुझा भरवसा नव्हता आणि तरी दुसऱ्या कोणाच्या हातून घेत नव्हतीस.

शेवटच्या आठवड्यात दुपारी, सून जेवायला गेली असताना, तू माझं मनगट धरलंस. म्हणालीस, "आता तरी जाल ना?" कुठं ते सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "आधी तू बरी हो." तू मनगट सोडलंस. हे आपलं शेवटचं बोलणं नव्हे, त्यानंतर पाणी दे, उशी सरळ कर, असं बरंच बोललो. पण माझ्या डोक्यात तेच शेवटचं म्हणून बसलंय.

तर कावळा शिवला आणि मला कोणी काही विचारलं नाही. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी सकाळी मी बोईसरहून मुरब्याची रिक्षा धरली. नितीनला सांगितलं नाही.

हरेश्वर अंगणात जाळं सांधत बसला होता. बोंबील काठ्यांवर वाळत घातलेले. मला बघून उठला. "या दादा, या. अशा वक्ताला एकलेच कशाला बाहेर पडलात? मंजुळे, च्या टाक."

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, चहा प्यालो असतो तर बोललो नसतो. उभ्यानंच म्हटलं, "हरेश्वर, त्या दिवशी मी तुला तोलायला सांगितलं नव्हतं."

"कवाच्या दिवशी?"

"बॅच गेली त्या. मी तुला वीस बादल्या घाल म्हणालो. तोलायचं नावसुद्धा काढलं नव्हतं. साहेबांनी मला सांगितलेलं, मी तुला सांगितलं नाही. तुझ्या ध्यानातून काही गेलं नव्हतं. मी खोटं बोललो."

 त्यानं हातातली सुई जाळ्यात खोचली. म्हणाला, "मी इचारलं व्हतं. रोज अकरा, आज वीस कशाला, मी इचारलं व्हतं."

"विचारलं होतंस."

"मला आटवतं. मला समदं आटवत व्हतं. पन तुमी बोललात तवा मला वाटलं…" त्यानं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, "वैनीला ठाव व्हतं?"

इथं माझी जीभ अडली, वच्छे. नाही म्हटलं असतं तर तू त्याच्या डोळ्यांत बहिणीसारखी राहिली असतीस. एक शब्द होता. पण एका खोट्यावर दुसरं कसं चढतं ते मला आता ठाऊक आहे. मी म्हटलं, "त्याच दिवशी सांगितलं होतं मी तिला."

त्यानं डोळे मिटले. आणि मला म्हणाला, "तू जा." इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा तू म्हटलं. मला ते बरोबर वाटलं. मी निघालो तर मागून ओरडला, "थांब! कुटं चाललास? मंजुळे, भाईर ये. हा काय सांगतो बघ. बोल, तिच्यासमोर बोल परत."

मी परत बोललो. वीस बादल्या, काटा, साहेब, सगळं. मंजुळा दाराची चौकट धरून ऐकत होती. तिनं मला काही विचारलं नाही. तिला तूच खुपलीस. "दर बुधवारी, दर ऐतवारी मी तिच्या दारात बसायची. माजं दुक्क सांगायची. आन ती ऐकून घ्यायची? माज्या पाटीतलं मासं घशाखाली उतरलं कसं तिच्या?"

मी म्हणालो, "उतरलं नाही. तुझ्या पाटीतलं ती कधीच खात नव्हती." आणि बोलता बोलता मलाच कळलं. बुधवारी उपास, रविवारी उपास. मी तुला विचारायचो, कुठल्या देवाचा गं? तू म्हणायचीस, "हाय एका देवाचा." मासे घ्यायचीस, रांधायचीस, मला नि पोराला वाढायचीस, आणि स्वतः ताकभात. मला वाटायचं वय झालं, देवधर्म वाढला. मंजुळेच्या अंगणात उभा राहिल्यावर मला तुझा देव कळला.

"मी तिला पोराची शपथ घातली होती," मी म्हणालो. "तिनं मला त्याच दिवशी सांगितलं जा म्हणून. शेवटच्या आठवड्यातही सांगितलं. तिला दोष देऊ नका. तिचं तोंड मी शिवलं होतं."

मंजुळा पदर तोंडाला लावून आत गेली. चहा उकळून चुलीवर सांडल्याचा वास आला, कोणी उतरवला नाही. हरेश्वर बोटं मोजत होता. अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. काय मोजत होता, मी विचारलं नाही. मग त्याचा पोरगा आला, तिशीचा आहे आता. "ह्यालाबी सांग," हरेश्वर म्हणाला. मी सांगितलं. शेजारचे दोघे कुंपणाशी आले. त्यांनाही सांगितलं. दर वेळी वाटलं आता थोडं हलकं वाटेल. वाटलं नाही. दर वेळी ते मला आणखी वाईट ऐकू येत होतं.

त्यानं मला मारलं नाही, शिवी दिली नाही, माफही केलं नाही. पाणी विचारलं नाही. माझी तशी अपेक्षाही नव्हती. निघताना म्हणाला, "माजा थोरला भाव उद्या होडीवरनं येतो. त्या वर्साला त्यो मला बोलला व्हता, तुला एक काम धड जमत नाय. तो आजून तसंच बोलतो. उद्या ये. त्यालाबी सांगायचं तू."

मी येतो म्हटलं.

नितीनला घरी आल्यावर सांगितलं.  तो म्हणाला, "माझी शपथ? माझी घातलीत?" आणि उठून बाहेर गेला. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. त्याचंही बरोबर आहे. हे पान त्याच्यापुढं ठेवलंय. तपासायचं तर तपासील, नाहीतर चुका राहतील, राहू देत.

वच्छे, तुझं नाव मी मुरब्यात आज थोडं मळवलं आणि थोडं धुतलं, नीट काय झालं मला सांगता येत नाही. मंजुळा तुझ्यावर रागावलीय. एक दिवस तिचा राग जाईल का, ठाऊक नाही. तू माझ्यापायी तिच्यासमोर इतकी वर्षं गप्प बसलीस. तू आता नाहीस म्हणून हे सगळं मी बोलू शकलो, ही त्यातली सगळ्यात मोठी लाज. तू असताना, तुझ्या डोळ्यांदेखत गेलो असतो तर तू बुधवारी चार घास मासे खाल्ले असतेस.

उद्या जायचंय. हरेश्वरचा भाऊ ठार बहिरा आहे. इंजिनाजवळ काम करून करून कान गेलेत त्याचे. त्याला ओरडून सांगावं लागेल. सगळ्या आळीला ऐकू जाईल.

जाऊ दे.